मोटारखान्याची रोजकीर्द

आमच्या घरी माळ्यावरील पत्र्याच्या पेटीत लाल खारव्यात बांधलेली एक रोजकीर्द आहे. कृष्णाकाठच्या एका लहानशा मराठा संस्थानात माझे वडील अठरा वर्षे मोटारखान्याचे कारकून होते. १९४८ साली ते संस्थान मुंबई प्रांतात विलीन होऊन त्याची कचेरी मामलेदाराच्या ताब्यात गेली आणि दप्तरखान्यातील निरुपयोगी ठरलेले कागद रद्दीच्या भावाने निघू लागले, तेव्हा वडिलांनी रीतसर अर्ज करून, चार आणे भरून व त्यांची पावती घेऊन ही वही सोडवून आणली. पावती अजून पहिल्या पानाला टाचलेली आहे. स्वतःच्याच हाताने लिहिलेली वही पैसे भरून विकत घेणाऱ्या माणसाला हसावे की नमस्कार करावा, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

वहीचा विषय एक मोटार आहे. १९३८ सालची अमेरिकन ब्यूक. वडिलांच्या ठसठशीत मोडीत तिचे नाव 'ब्यूक आठ सिलिंडरी' असे पडले आहे, आणि पुढील दहा वर्षांत ती कोठे गेली, कोणाला घेऊन गेली, किती मैल चालली व किती ग्यालन पेट्रोल प्याली याचा हिशेब पैपर्यंत मांडलेला आहे. आमच्या कुळात या गाडीचा उल्लेख 'आपली ब्यूक' असा होतो. आमचे काका तिची लांबी वीस फूट सांगत. आत्याच्या आठवणीतील ब्यूकमध्ये जत्रेच्या दिवशी चौदा माणसे बसली होती. आणि धाकट्या काकांनी ती ताशी शंभर मैलांनी धावताना पाहिली होती, तीही अशा रस्त्यावर, जेथे बैलगाडीसुद्धा जपून हाकावी लागे. कारखान्याच्या मापाने ही गाडी सोळा फुटांहून थोडी अधिक लांब, वजनाने दीड टनाच्या वर, आणि तिच्या पुढच्या व मागच्या चाकांत सुमारे दहा फुटांचे अंतर, एवढीच होती. परंतु मूळ मुद्दा लांबीचा नव्हे. ज्या गाडीच्या मागच्या आसनावर आमच्या घराण्यातील एकच व्यक्ती एकदाच बसली, ती गाडी 'आपली' कशी झाली, हा आहे.

संस्थानात मोटार आली ती पागेत आली. हे मी अलंकाराने लिहीत नाही. घोड्यांचे तबेले होते त्यांतील पूर्वेकडच्या तीन खणांची जमीन फरशीने बांधून घेतली, दरवाजे रुंद केले, आणि त्या भागास मोटारखाना म्हणू लागले. परंतु हुजूर खासगीच्या जमाखर्चात त्याचे स्वतंत्र सदर उघडण्यास दिवाणांची मंजुरी लागत असल्यामुळे बरीच वर्षे मोटारीचा खर्च पागेच्याच सदरांखाली पडत राहिला. चंदी, वैरण, नाल, खरारा, औषधपाणी अशी जी सदरे पूर्वापार आखलेली होती, त्यांतील चंदीखाली पेट्रोल, नालाखाली टायर आणि औषधपाण्याखाली प्लग, पट्टा, ब्याटरीचे पाणी असा खर्च वडिलांच्या आधीचे कारकून निमूटपणे घालीत असत. वडिलांनी नवी सदरे मिळवली खरी, तथापि 'गाडीला चंदी घातली का?' हा प्रश्न आमच्या घरात पेट्रोलच्या संदर्भात पुढे तीस वर्षे विचारला गेला. साईस होते ते क्लीनर झाले. त्यांतील एक म्हातारा मोटार धुऊन झाल्यावर तिच्या मडगार्डवर थाप मारीत असे.

आता इंग्रजांच्या राज्यात, इंग्रजांच्या मांडलिकाने, इंग्रज पोलिटिकल एजंटाला स्टेशनावर घ्यायला जाण्यासाठी अमेरिकन मोटार का घ्यावी, हा प्रश्न साहजिक आहे. आणि त्याचे उत्तर विलासाच्या इतिहासात मिळत नाही, इंग्लंडच्या करपद्धतीत मिळते. इंग्लंडात १९२१ पासून मोटारीवरील वार्षिक कर अश्वशक्तीच्या हिशेबाने, दर अश्वशक्तीस एक पौंड असा बसू लागला, आणि ही अश्वशक्ती इंजिन प्रत्यक्षात किती ओढते यावरून ठरत नसून सिलिंडराचा व्यास व त्यांची संख्या यांवरून कागदावर काढली जात असे. ऑस्टिन टेन या नावातील दहाचा आकडा हाच. परिणामी तिकडच्या कारखानदारांनी अरुंद सिलिंडरांची, लहान, काटकसरी इंजिने बांधली. ती इंग्लंडच्या गुळगुळीत आणि आखूड रस्त्यांवर ठीक होती, पण आमच्याकडे खंबाटकीच्या घाटात सहा माणसे व त्यांचे बिछाने घेऊन चढताना त्यांचा जीव जाई. अमेरिकेत असा कर नव्हता. पेट्रोल स्वस्त, रस्ते लांबच लांब आणि गावाबाहेर बहुधा मातीचे, त्यामुळे तिकडची गाडी जमिनीपासून उंच, इंजिनाने मोठी आणि स्वभावाने सावकाश निपजली. आमच्या ब्यूकचे इंजिन चार लिटरांचे होते. इंग्लंडच्या हिशेबाने तिची अश्वशक्ती तीसच्या घरात जाई, प्रत्यक्षात ती शंभरावर होती. तिसऱ्या गिअरमध्ये टाकून दिली की बैलामागे चालावे तशी ती गर्दीतून चाले आणि मोकळा रस्ता मिळताच, गिअर न बदलता, वेग घेई. याखेरीज उजव्या हाताच्या स्टिअरिंगची सोय होती. साम्राज्यातील देशांसाठी अशा गाड्या कॅनडातील कारखान्यांत बांधल्या जात. शिवाय जनरल मोटर्स कंपनीने १९२८ सालीच मुंबईस शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढून शेवरलेट व तिच्या भावंडांचे सुटे भाग पेट्यांतून आणून येथे उभे करण्यास सुरुवात केली होती. म्हणजे वाटेत काही मोडले तर विलायतेस तार करून तीन महिने वाट पाहण्याऐवजी रात्रीच्या गाडीने मुंबईस माणूस पाठवला की भागत असे. ऐश्वर्यापेक्षा हा हिशेब दिवाणांना अधिक पटला असावा.

अमेरिकेत मात्र ब्यूक ही राजेलोकांची गाडी नव्हती. तिचा मूळ पुरुष डेव्हिड डनबार ब्यूक हा स्कॉटलंडात जन्मलेला व डेट्रॉइटला वाढलेला नळकामाचा कारागीर. ओतीव लोखंडाच्या स्नानपात्रांवर चिनी मातीसारखा पांढरा लुकण चढवण्याच्या कृतीत त्याने हात घातला, त्यात त्याला पैसाही मिळाला, आणि मग इंजिनांचे वेड लागून त्याने तो धंदा विकून टाकला. त्याच्या नावाच्या कंपनीच्या पायावर विल्यम ड्युरंट याने १९०८ साली जनरल मोटर्स उभारली. ब्यूक स्वतः तोवर बाजूला पडला होता, आणि १९२९ साली तो वारला तेव्हा त्याच्या नावाची मोटार घेण्याची त्याची ऐपत नव्हती. पुढे आल्फ्रेड स्लोन यांनी जनरल मोटर्सच्या गाड्यांची जी उतरंड रचली, तीत तळाला शेवरलेट, तिच्यावर पाँटिअॅक, मग ओल्ड्समोबील, मग ब्यूक आणि शिखरावर कॅडिलॅक असा क्रम होता; माणसाने पगारवाढीबरोबर एक एक पायरी चढावी अशी कल्पना होती. या क्रमात ब्यूक ही चांगला व्यवसाय असलेल्या डॉक्टराची, पेढीच्या मॅनेजराची गाडी ठरते. हीच गाडी समुद्र ओलांडून येताच आमच्याकडे छत्रचामरांच्या रांगेत जाऊन बसली. त्याला निमित्तही घडले: इंग्लंडचा राजा आठवा एडवर्ड याने १९३६ साली कॅनडात बनलेली ब्यूक खरेदी केली. त्या राजाने त्याच वर्षी गादी सोडली, ही गोष्ट आमच्या दरबारात फारशी चर्चिली गेली नाही.

खऱ्या अर्थाने विलासाची अमेरिकन मोटार पाहायची असेल तर ती मराठ्यांच्या दुसऱ्या एका गादीवर, इंदूरला पाहावी लागेल. यशवंतराव होळकरांनी डूसेनबर्गचा सांगाडा अमेरिकेतून लंडनला नेऊन गर्नी नटिंग यांच्याकडून त्यावर काया चढवून घेतली. रंग काळा व नारिंगी, इंजिनावर वाफेच्या यंत्रासारखा घुमणारा हवा कोंबण्याचा पंखा, आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणे शक्ती ३२० अश्वांची. एवढ्या अवाढव्य वाहनात आसने दोन. त्या गाडीची छायाचित्रे मी अनेकदा पाहिली आहेत आणि सौंदर्यदृष्ट्या तिच्यासमोर आमची ब्यूक म्हणजे भाताचे पोते, हे मला मान्य आहे. पण दोन आसनांच्या गाडीत कारकुनाला, शोफराला, टिफिनच्या डब्यांना, राणीसाहेबांच्या दासीला आणि कुलदैवताच्या नैवेद्याला जागा नसते. आमच्या वहीत एका स्वारीची नोंद 'सरकार, आईसाहेब, मुले तीन, दाई, भटजी, शोफर, क्लीनर पायदानावर' अशी आहे, आणि क्लीनर पायदानावर उभा राहून जोतिबाच्या डोंगरापर्यंत गेला हे त्या शब्दांतून समजायचे.

गाडी चालवण्यास मिरजेहून आलेले एक मुसलमान गृहस्थ होते. आम्ही मुले त्यांना चाचा म्हणत असू. ब्यूक चालू करण्याची रीत अशी होती की, किल्ली फिरवून काही होत नसे. किल्ली फिरवावी आणि पायाखालचा अॅक्सिलरेटर दाबावा, म्हणजे त्याच दाबाने स्टार्टर फिरून इंजिन जागे होई. बाहेर उभ्या असलेल्या आम्हांस पाय दिसत नसे. चाचा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, समोर पाहत, हलकेच 'बिस्मिल्ला' म्हणत आणि गाडी घुमू लागे. त्यामुळे गाडी त्या शब्दावर चालू होते अशी आमची कित्येक वर्षे समजूत होती. आमच्यातील एकाने मोटारखान्यात चोरून शिरून, काचेला तोंड लावून तो प्रयोग केलाही. आठ सिलिंडर एका ओळीत असल्याने आवाज जवळजवळ नसे; जागेवर उभी असताना ती चालू आहे की बंद, हे पाहण्यासाठी चाचा बॉनेटवर पालथा तळहात ठेवीत.

१९४० सालच्या पावसाळ्यात सरकार आगगाडीने मुंबईस गेले आणि त्यांच्या दिमतीस गाडी मागाहून रस्त्याने पाठवण्याचा हुकूम झाला. टायर आणायचे होते म्हणून वडील बरोबर निघाले आणि माझ्या हट्टामुळे मीही. पुढच्या आसनावर चाचा, मी व वडील. मागचे आसन रिकामे, त्यावर पांढरी चादर अंथरून तिची टोके गादीखाली खोचलेली. गाव सुटले, सातारा मागे पडला, पुण्यास मुक्काम झाला, पण दोन दिवसांच्या त्या प्रवासात कोणीही मागे बसले नाही. मला झोप आली तेव्हा वडिलांनी मांडीवर घेतले. बोरघाट उतरताना पावसाने समोरचे काही दिसेनासे झाले. त्या काळच्या अमेरिकन गाड्यांचे काच पुसणारे हात विजेवर चालत नसून इंजिनाच्या श्वासाच्या ओढीवर चालत. अॅक्सिलरेटर सैल असला की ओढ जोराची आणि हात भराभर फिरत, आणि अॅक्सिलरेटर दाबला, म्हणजे नेमका चढ आला किंवा पुढच्या वाहनाच्या पुढे जायचे झाले, की ओढ मंदावून ते हात काचेच्या मध्यावर थबकत. उतारावर त्यामुळे अडचण नव्हती. परतताना मात्र खोपोलीस रेडिएटरमध्ये पाणी भरून आम्ही चढाला लागलो तेव्हा दर वळणावर चाचा क्षणभर पाय उचलीत, हात एकदा इकडून तिकडे जाई, तेवढ्यात ते पुढचा रस्ता पाहून घेत, आणि मग पाय दाबून तो पाहिलेला रस्ता आठवणीने चढत. ज्या देशात मैलोगणती सपाट जमीन आहे, त्या देशात ही युक्ती निघाली असणार, असे वडील म्हणाले. चाचांनी उत्तर दिले नाही. सबंध घाटभर ते एक अक्षर बोलले नाहीत.

युद्धाने वहीची पाने आखूड केली. १९४१ पासून पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले, कुपनांचा हिशेब आला, आणि आधी महिन्याला चार पाने लागत तेथे एक पान पुरू लागले; ब्यूक ग्यालनला बारातेरा मैलांवर जात नसल्याने ठरलेल्या कोट्यात तिची धाव जिल्ह्याच्या ठाण्यापलीकडे पोचेना. मोटारगाड्यांना मागे कोळशाची भट्टी जोडून त्या गॅसवर चालवण्याची टूम त्या दिवसांत निघाली होती. सर्व्हिसच्या गाड्या अशा धूर काढीत गावातून जात, परंतु ब्यूकला भट्टी बांधण्याची सूचना सरकारांनी फेटाळली. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेनेच खासगी मोटारींचे उत्पादन थांबवून कारखाने रणगाड्यांना व विमानांना जुंपले, तेव्हा नवी गाडी मिळण्याची आशाही संपली. वहीत या काळात ब्यूकच्या नावे प्रत्यक्ष स्वाऱ्यांपेक्षा 'पुसण्याकरिता मांजरपाट, दोन वार' ही नोंदच अधिक वेळा आढळते. उभी असलेली गाडी रोज पुसली जात होती.

८ मार्च १९४८ रोजी दक्षिणी संस्थाने विलीन झाली. त्या सुमारास केलेली यादी वहीच्या शेवटून तिसऱ्या पानावर आहे: गाडी एक, स्टेपनी दोन, ज्याक एक, हँडल एक, पाने अकरा, पडद्यांच्या पितळी दांड्या चार, पडदे मखमली चार पैकी एक विटका. पुढे लिलाव झाला आणि मुंबईच्या कोणा व्यापाऱ्याने ती घेतली. तेथे तिचा माग संपतो.

तिच्या जातीच्या गाड्यांचे पुढे काय झाले ते मात्र सर्वांच्या डोळ्यांदेखत झाले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, विश्वेश्वरय्यांनी आखलेली मोटार कारखान्याची योजना उचलून धरून, १९४० साली अमेरिकेतील क्रायसलर कंपनीशी करार केला होता. युद्धाच्या धामधुमीत सरकारने त्यांना दाद दिली नाही, तथापि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन होऊन स्वातंत्र्याच्या वर्षी कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो या नावांच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५३ च्या सुमारास सरकारने ठरवले की ज्यांना येथे मोटारी खरोखर बनवायच्या असतील त्यांनीच राहावे, नुसत्या जुळणीसाठी पेट्या आणणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. त्याप्रमाणे शिवडीचा कारखाना १९५४ साली बंद झाला, फोर्डही गेली. परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ थांबली. तेव्हापासून देशात जेवढ्या अमेरिकन मोटारी होत्या तेवढ्याच राहिल्या, आणि त्यांचे आयुष्य मिस्त्रीलोकांच्या हाती आले. पेट्रोल परवडेना तेव्हा त्यांची मूळ इंजिने काढून पर्किन्सची डिझेल इंजिने बसवण्यात आली. मुंबई-पुणे रस्त्यावरील टॅक्सींत या जातीच्या कित्येक मी पाहिल्या आहेत: ज्या आसनावर चादर अंथरलेली असे त्यावर चौघे पाचवा कोंबून बसलेले, छपरावर आंब्याच्या पेट्या, आणि बॉनेटखालून ट्रॅक्टरसारखा धडधडाट. अनेकांना हे दृश्य करुण वाटते. मला तसे वाटत नाही. घाट चढायचा, माणसे न्यायची आणि मोडल्यास वाटेत दुरुस्त व्हायचे, याच गुणांवर ती गाडी प्रथम या देशात निवडली गेली होती. टॅक्सीवाल्याने तिचा जो उपयोग केला तो दिवाणांच्या मूळ हिशेबाला धरूनच होता.

राहिली ती मागच्या आसनावर एकदाच बसलेल्या व्यक्तीची नोंद. सन १९४३ च्या भाद्रपदात, माझ्या आईला विषमज्वर होऊन आठव्या दिवशी शुद्ध हरपू लागली. गावात डॉक्टर नव्हता. ही बातमी दासीकरवी आईसाहेबांच्या कानी गेली आणि रात्री नऊ वाजता चाचा गाडी घेऊन आमच्या बोळाच्या तोंडाशी आले. बोळ अरुंद असल्याने आईला खाटेवरून तेथवर नेले, चादर काढून मागच्या आसनावर निजवले आणि मिरजेच्या मिशन दवाखान्यात पोचवले. वडील त्या वेळीही पुढेच बसले. दुसऱ्या दिवशी परत येऊन त्यांनी वहीत लिहिले आहे: 'कारकुनाचे कुटुंब, मिरज, दवाखाना, जाऊन येऊन मैल ५२, पेट्रोल ग्यालन ४, आईसाहेबांच्या तोंडी हुकुमावरून.' अक्षर नेहमीचेच आहे, कोठेही हललेले नाही. त्याखाली दुसऱ्या शाईने, बहुधा पुढल्या पगाराच्या दिवशी, 'पैकी पेट्रोलची किंमत कारकुनाने भरली' असे आहे, आणि त्याहीखाली दिवाणांच्या कारकुनाचा शेरा: 'परत करावी.'

एका दिवाळीत सगळे जमले असता गाडीच्या रंगावरून वाद पडला. काकांच्या मते ती काळी होती, आत्या गर्द हिरवी म्हणून शपथेवर सांगत होत्या, मला निळसर आठवते. घरात जे एकमेव छायाचित्र आहे त्यात सर्वच काळेपांढरे. तेव्हा वही काढून मी पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. इंजिनाचा क्रमांक आहे, टायरांचे क्रमांक आहेत, विटका पडदा आहे; रंग कोठेही लिहिलेला नाही. शेवटी आईला विचारले. ती निवडत बसलेल्या तांदळावरून मान वर न करता म्हणाली, "मला काय विचारता? मी बाहेरून कुठं पाहिली? आतलं लोकरीचं कापड मात्र ऊन ऊन होतं."